पंचकल्याणी घोडी, ऊन आणि लिव्हर : माझा अनुभव

आमची घोडी पंचकल्याणी, अंग तांबडं आणि चारी पाय नि तोंडावरचा पट्टा पांढरा. पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं तशी नाकपुडीजवळची गुलाबी कातडी लाल झाली, मग ओलसर, मग पापुद्रे निघायला लागले, पायांचंही तेच. कोण म्हणे खरूज, कोण म्हणे दृष्ट लागली. डॉक्टरांनी कडेवरून बोट फिरवून दाखवलं, जखम बरोब्बर पांढरे केस संपतात तिथेच थांबत होती, तांबड्या केसांखाली कातडी ठणठणीत! म्हणाले, मलम नंतर, आधी लिव्हर बघू.

त्यांनी सांगितलं ते असं की हिरव्या चाऱ्यातलं क्लोरोफिल पोटात मोडून फायलोएरिथ्रिन तयार होतं, चांगलं लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं, लिव्हर थकलं की ते रक्तातून कातडीत येतं आणि ऊन लागलं की भाजतं. काळ्या कातडीला तिचा रंगच वाचवतो. डोळे पिवळे दिसतात का यावर त्यांनी फार भर दिला नाही, कारण घोडं नुसतं उपाशी राहिलं तरी पिवळं पडतं म्हणे. रक्तात जीजीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बरंच वाढलेलं निघालं.

मग कारण शोधायला लागलो. विकत घेतलेल्या वाळल्या गवताच्या उरलेल्या पेंढ्या उघडून बघितल्या तर आत खुळखुळ्याच्या (लिव्हरला विषारी असं रानझुडूप) काड्या, शेंगांसकट. ओला असताना घोडी त्याला तोंड लावत नाही, पण वाळून गवतात मिसळला की खाऊन टाकते आणि विष वाळल्यावरही जात नाही. त्रास दिसतो तो कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. बायोप्सीशिवाय (लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय) छातीठोक सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले, पण ते गवत त्याच दिवशी बंद.

दिवसभर गोठ्यात, अंधार पडल्यावरच बाहेर. नाकाला झिंक ऑक्साइड, तोंडाला जाळीचा मास्क (दोन पट्टे चावून तोडले बाईने). लसूणघास बंद, चांगला कडबा चालू, थोडा थोडा पण दिवसातून बऱ्याचदा. हरभऱ्यावरून वडिलांशी वाद झाला, हरभऱ्याशिवाय घोडं कसलं म्हणे, शेवटी मूठभरावर तोडगा निघाला, बाकी जव. डॉक्टरांनी बजावलं होतं की ती सुस्त वाटली, भिंतीला डोकं टेकून उभी राहिली किंवा उगाच गोल फिरायला लागली तर रात्री पण फोन करा, कारण तेव्हा मेंदूवर परिणाम झालेला असतो. नशिबाने तशी वेळ आली नाही.

कातडी लवकर भरली, जीजीटी मात्र सावकाश उतरतंय, त्यामुळे रक्त अधूनमधून तपासतो. गवतवाल्याला सांगून ठेवलंय, गाडीतून उतरवायच्या आधी चार पेंढ्या उघडून बघणार, मग पैसे.