घाबरलेल्या हाताला सापडेल असं बटण

कन्व्हेअर असलेल्या पॅकिंग मशीनचा इमर्जन्सी स्टॉप ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आराखड्यात एकच लाल बटण होतं, तेही पॅनेलवर, स्टार्टच्या शेजारी. आणि हात अडकण्याची खरी भीती होती ती पार दुसऱ्या टोकाच्या रोलरपाशी!

मी ऑपरेटरांना त्यांच्या नेहमीच्या जागी उभं केलं. एक हात अडकलाय असं समजा आणि दुसऱ्या हाताने मशीन थांबवा, एवढंच सांगितलं. कागदावर तासन्‌तास बसून जे कळलं नसतं ते तिथे लगेच कळलं. काही जागी डावा हात बटणापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून कन्व्हेअरच्या कडेने ओढायची दोरी घेतली. ती ओढली तरी मशीन थांबतं, तुटली किंवा सैल पडली तरी थांबतं. बटणं ०.६ ते १.७ मीटर उंचीच्या पट्ट्यात बसवली. आयएसओ १३८५० हे मानक तेच सांगतं. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल, तळहाताने दाबता येईल असं मशरूम बटण.

चुकून दाबलं जाईल म्हणून त्यावर झाकण लावा, असा आग्रह झाला. मी ठाम नाही म्हणालो. त्या क्षणी माणूस झाकण उघडत बसणार का? शेवटी भोवती बुटकी कड ठेवली, तळहाताच्या आड न येणारी.

बटणाच्या आतला कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा भाग, एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेला) घेतला, म्हणजे वायर तुटली तरी मशीन बंदच पडणार. शिवाय स्प्रिंगच्या भरवशावर न राहता, बटण दाबण्याच्या जोरानेच उघडणारा. चिकटलेला कॉन्टॅक्टही त्यामुळे ओढून सुटतो. वीज तत्काळ तोडली तर जड रोलर गरगरत राहायचा, म्हणून आधी ड्राइव्हने, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेने, ब्रेक लावून मग वीज तोडायची, असं ठरवलं.

सगळ्यात जास्त वाद रीसेटवर झाला. दाबलेलं बटण फिरवून सोडलं की मशीन आपोआप सुरू व्हावं, वेळ वाचेल, असं उत्पादन विभागाचं म्हणणं. पण अजून कोणी आत वाकून काही काढत असेल तर? रीसेटनंतर स्टार्ट वेगळा दाबावा लागेल, हे मी सोडलं नाही. आणि बटणं एवढी चांगली झाली तर रोलरवरचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं संरक्षक कवच, काढूया, या सूचनेलाही तिथल्या तिथे नकार दिला. बटण दाबेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. ती होऊच नये, हे काम गार्डचं.