तुम्ही विचारलंत म्हणून: रेलिगेट म्हणजे नापासच ना?

लग्नाकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, आणि परवा तर मुलाला एनडीएला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पाठवायचं म्हणून सल्ला घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "तुम्ही अकादमीत रेलिगेट झाला होतात म्हणे. म्हणजे नापासच ना?"

नाही. आणि थोडंसं हो.

खडकवासल्याला तीन वर्षांत सहा टर्म असतात आणि दर सहा महिन्यांनी नवा कोर्स, म्हणजे कॅडेटांची नवी तुकडी, दाखल होतो. रेलिगेट झालेला कॅडेट तीच टर्म पुन्हा करतो, मागून येणाऱ्या कोर्सबरोबर. कारण अभ्यास असेल, पीटी असेल, ड्रिल, पोहणं, बेशिस्त, नाहीतर दुखापतीत बुडालेले दिवस. कायमचं घरी पाठवतात ते विड्रॉवल, त्याचा इथे संबंध नाही. हल्लीच्या पोरांना हा शब्द इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगमुळे ठाऊक असतो, तळाचे तीन संघ खाली जातात तो. पण तिथे अख्खा संघ एकत्र खाली जातो. आमच्याकडे एकट्याला उतरवतात.

माझं 'मेडिकल' होतं. नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, पाय प्लास्टरमध्ये, टर्म बुडाली. हे मी इतकी वर्षं पहिल्या वाक्यातच सांगून टाकत आलोय. जणू गणितात अडकलेला माझ्या शेजारच्या खोलीतला पोरगा खालच्या जातीचा रेलिगेट आणि मी वरच्या! यादीत दोघांच्या नावापुढे शब्द एकच होता.

सुट्टीहून परतल्यावरचा पहिला फॉल-इन, हजेरीसाठी रांगेत उभं राहणं. मी नव्या कोर्सच्या रांगेत. डावीकडे जो उभा होता त्याला मागच्या टर्ममध्ये मी कॉरिडॉरमध्ये थांबवून बुटांची पॉलिश दाखवायला लावली होती. "सर, आपण इथे..." म्हणाला आणि त्याने जीभ चावली. हजेरीला आला माझा जुना रूममेट. बेल्टचं पितळ बघत बघत एकेकासमोरून सरकत माझ्यापाशी पोचला. माझं पितळ चकचकीत होतं, दुपारभर दुसरं केलं काय होतं? तरी तो थांबला. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाला, "टोपी सीधी करो." मी मोठ्याने "येस सर!" म्हणालो. त्याचे कान लाल झाले.

रात्री खोलीवर आला. "सर मत बोल यार."

"फिर क्या बोलूँ?"

त्यालाही सुचेना. बराच वेळ बसला, क्रिकेटबद्दल काहीबाही बोलला, लाइट्स आउटला गेला.

तुम्हाला वाटतं सहा महिने गेले. ते गेलेच, कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) उशिरा, सिनिऑरिटी खाली, नोकरीभर. पण फौजेत कोर्समेट म्हणजे जन्मभराचा 'तू' असतो. एक कोर्स वर असलेला माणूस म्हातारपणीही 'सर'. माझे 'तू' रातोरात 'सर' झाले आणि 'सर' म्हणणारे 'तू'. याचा हिशेब कुठल्या मार्कशीटमध्ये मांडायचा?

रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स. ८ मध्ये कवी ओव्हिडला काळ्या समुद्राकाठी टोमिसला धाडलं, तेव्हा शिक्षेचं नाव होतं रेलिगेशियो. नागरिकत्व शाबूत, मालमत्ता शाबूत, फक्त रोममध्ये राहायचं नाही. मला हद्दपार म्हणू नका, असं तो तिथून लिहून लिहून सांगत राहिला. आधी मला त्याची कीव यायची. आता वाटतं, मीही तेच तर करतोय.

विशीतला मी म्हणायचो, पुढे कोण विचारणार आहे! सगळे विचारतात. फौजी माणूस तर हात मिळवतानाच विचारतो, "कौन सा कोर्स?" मी माझ्या दुसऱ्या कोर्सचा नंबर सांगतो, पासिंग आउट त्याच्याबरोबर झालं म्हणून. शेजारी पहिल्यातला कुणी उभा असला तर तो मला दुरुस्त करतो, आणि मला राग येतो की बरं वाटतं ते त्या दिवसावर असतं.

त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो की मुलाला पोहायला शिकवून पाठवा. चहा गार झाला होता.