ओवी दुरुस्त झाली, पण वाचकाकडे पोचली का?

काटोल-नरखेडकडच्या गावांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या मी एका छोट्या वेबसाइटवर ठेवते. नागपुरातले माझे बरेच वाचक साइट उघडतच नाहीत, फीड रीडरमध्ये वाचतात. फीड म्हणजे साइटवरच्या ताज्या नोंदींची, सॉफ्टवेअरने वाचायची फाइल (आरएसएस आणि ॲटम हे तिचे दोन साचे), आणि रीडर म्हणजे ती आणून दाखवणारं ॲप. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तरी त्यांची सवय सुटली नाही. कोणी फीडली धरला, कोणी थंडरबर्ड, आणि धरमपेठेतल्या एका मित्राने घरच्या जुन्या संगणकावर फ्रेशआरएसएस चढवलं. त्यामुळे साइट कशी दिसते यापेक्षा फीडमधून काय जातं, याकडे मला जास्त लक्ष द्यावं लागलं.

सुरुवात महालातल्या आत्याच्या फोनने झाली. "काऊन गं, ओवी अशी एका दमात काऊन लिहिली? थांबायचं कुठं?" तिचा फोन हातात घेतला, तर खरंच चारही चरण एका ओळीत सलग वाहत होते. साइटवर ओळी तुटत होत्या त्या सीएसएसमुळे, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या सूचनांमुळे. मजकुरात नुसता एंटर होता. रीडर मात्र ही सजावट, म्हणजे स्टाइल आणि क्लास, काढूनच टाकतो, आणि साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मूळ भाषेत, एंटर म्हणजे फक्त एक मोकळी जागा.

रीडर असं करतात त्याला कारण आहे. फीडमधला एचटीएमएल हा परक्याचा मजकूर असतो. त्यात स्क्रिप्ट असू शकते, किंवा अख्खा पडदा झाकून टाकणारी स्टाइल. २००३ मध्ये वेब डेव्हलपर मार्क पिल्ग्रिम यांनी स्वतःच्याच फीडमध्ये स्टाइल घालून वाचकांच्या रीडरमध्ये प्लॅटिपस या प्राण्याची चित्रं पसरवून हा धोका दाखवला होता. शिवाय आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती काळ्या पार्श्वभूमीवर हरभऱ्याएवढी अक्षरं करून वाचते. माझ्या साइटचा फिकट तपकिरी रंग तिच्या फोनवर लादायचा मला काय अधिकार? तेव्हा जे अर्थासाठी लागतं ते मजकुराच्या रचनेतच हवं, असं ठरवून मी सगळ्या नोंदी नव्याने बांधायला घेतल्या. प्रत्येक ओवी एक परिच्छेद आणि प्रत्येक चरणाशेवटी बीआर टॅग, म्हणजे ओळ तोडायची खूण. वऱ्हाडी शब्दांवर माउस नेला की अर्थ दिसायचा, ते अर्थ आता ओवीखाली साध्या यादीत आले. चित्रांचे पत्ते डोमेनसकट पूर्ण लिहिले, कारण अर्धवट पत्ता रीडरमध्ये कुठून मोजायचा हा घोळ होतो. ध्वनिमुद्रणाचा प्लेअर काही रीडर गाळतात, म्हणून त्याच्याखाली साधी लिंकही दिली.

खरं डोकं लागलं ते दुरुस्त्यांना.

उमरेडजवळच्या एका बाईंनी कळवलं की ओवीतला एक शब्द आम्ही चुकीचा ऐकलाय. तो शब्द शीर्षकातही होता. शीर्षक बदलल्यावर साइट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने पानाचा पत्ता बदलला, आणि पत्त्यावरून बनणारा आयडीही. झालं, वाचकांकडे दोन ओव्या: जुनी चुकीची आणि नवी बरोबर. रीडर नोंद ओळखतो ती आयडीवरून. आरएसएसमध्ये त्याला जीयूआयडी म्हणतात. शीर्षक खातेदाराच्या नावासारखं आहे, आयडी सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा. खातेदार बदलला तरी क्रमांक तोच राहायला हवा. ॲटमचा नियम, म्हणजे डिसेंबर २००५ चा आरएफसी ४२८७ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, हेच सांगतो: साइट दुसरीकडे हलवली तरी आयडी बदलायचा नाही.

मराठी पत्त्यांमध्ये याहून बारीक अडचण आहे. नुसता 'ओवी' हा शब्द पत्त्यासाठी एन्कोड झाला, म्हणजे इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलला, की २७ अक्षरांचा होतो: तीन चिन्हं (ओ, व आणि वेलांटी), प्रत्येकी तीन बाइट, आणि दर बाइटला टक्क्याचं चिन्ह व दोन हेक्स अक्षरं (० ते ९ किंवा A ते F). ही हेक्स अक्षरं लहान लिपीत लिहा की मोठ्या, पान तेच उघडतं. आयडीची तुलना मात्र अक्षराला अक्षर लावून होते, त्यामुळे रीडरच्या लेखी ते दोन वेगळे आयडी. मी पत्त्याचा नादच सोडला आणि टॅग यूआरआय नावाचा, पानाच्या पत्त्यावर न बेतलेला आयडी घेतला: डोमेन, एक तारीख आणि नोंदीचा क्रमांक. आता शीर्षक कितीदाही सुधारता येतं.

तारखांनीही छळलं. साइटची भाषा मराठी ठेवल्यामुळे आरएसएसच्या तारखेत देवनागरी आकडे आणि 'जानेवारी' उतरलं. तिथे ठरलेला इंग्रजी साचाच लागतो, पुढे भारतीय वेळेचं +०५३० इंग्रजी आकड्यांत. तो नसेल तर काही रीडर नोंदीला आजचीच तारीख लावून मोकळे होतात.

एवढं करूनही दुरुस्ती सगळ्यांना सारखी दिसत नाही. कोणी रीडर गुपचूप मजकूर बदलतो, कोणी नोंद पुन्हा न वाचलेली दाखवतो, कोणी एकदा घेतलेली नोंद परत बघतच नाही. ॲटममध्ये पब्लिश्ड (प्रसिद्धीची) आणि अपडेटेड (बदलाची) अशा दोन वेगळ्या वेळा असतात. माझं सॉफ्टवेअर साइट नव्याने तयार करताना प्रत्येक वेळी सगळ्या नोंदींचा अपडेटेड बदलत होतं. ते बंद केलं. आता स्वल्पविराम बदलला तर अपडेटेडला हात नाही. शब्द बदलला तर वेळ बदलते, आणि नोंदीच्या वर 'दुरुस्ती' लिहून काय बदललं ते सांगते. दुसरी गोष्ट, फीडमध्ये फक्त ताज्या नोंदी असतात. मागच्या वर्षीची ओवी सुधारली तर ती फीडमध्ये नसतेच, मग रीडरला कळणार कसं? म्हणून फीडची निवड मी प्रसिद्धीच्या तारखेऐवजी अपडेटेडवरून करते.

नोंद मागे घेणं सगळ्यांत अवघड. एका घरच्यांनी आजीची ओवी काढायला सांगितली. साइटवरून ती लगेच गेली, पण फीडमधून नोंद गायब होणं म्हणजे रीडरच्या दृष्टीने ती फक्त जुनी होणं; त्याच्याकडची प्रत तशीच राहते. २०१२ च्या आरएफसी ६७२१ मध्ये पुसलेल्या नोंदीची खूण दिली आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून ती नोंद फीडमध्ये तशीच ठेवली, त्याच आयडीने, नव्या अपडेटेडसह. ओवीच्या जागी एक वाक्य घातलं: कुटुंबाच्या इच्छेवरून ही ओवी काढली आहे. धरमपेठेतल्या मित्राच्या फ्रेशआरएसएसमध्ये जुन्या मजकुराच्या जागी हे वाक्य आलं. आत्याच्या फोनवर ओवी अजून होती, ती मी महालात जाऊन तिच्यादेखत हाताने पुसली.