फिन्सला रापी लावली त्याची गोष्ट

मी सोलापुरात पोहायला शिकवतो. एप्रिल-मे आमचा सीझन, बाहेर ४२ डिग्री आणि अर्धं गाव पाण्यात. मागच्या मे मध्ये सकाळच्या बॅचला एक १४ वर्षांचा पोरगा काकाचे जुने फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, घेऊन आला, काळे, जाड रबराचे, समुद्रात डायव्हिंगला घालतात तसले हातभर लांब. दोन फेऱ्यांत पोटरीत गोळा येऊन काठ धरून बसला. "सर, पाय हलतच नाहीत ओ."

हलणार कसे? पातं जितकं लांब तितकं घोट्यावर ओझं, आणि किक मंद होते. आम्हाला पाहिजे छोटी, भराभर, कमरेतून निघालेली किक. नवीन शॉर्ट फिन्स घ्यायला सांगणं सोपं होतं, पण घरची परिस्थिती माहिती होती. म्हटलं ठेव इथं, संध्याकाळी बघू. काका कापायला हो म्हणाले होते, ते फोनवर विचारून घेतलं.

घरी कटर लावला तर रबर कटरचं पातंच धरून बसतंय. शेवटी कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्या मामांकडे गेलो. "साबणाचं पाणी लावा की सर, कोरडं कसं कापंल?" मामांनी चामडं कापायची रापी फिरवली आणि लोण्यासारखं! पायाच्या बोटांच्या पुढं चार बोटं पातं ठेवलं. दुसरं मी म्हटलं मीच कापतो, पुठ्ठ्याचा साचा हाताशी असताना नजरेनं कापलं. शहाणपणा नडला.

संध्याकाळी पोरगं सारखं उजवीकडच्या दोरीला जाऊन धडकतंय. "सरळ जा की बे!" म्हणून मी ओरडतोय. तिसऱ्यांदा धडकल्यावर फिन्स पाठीला पाठ लावून बघितले तर उजवा अर्धा बोट आखूड. डावा पाय जास्त ढकलतोय म्हणजे अंग उजवीकडं वळणारच, त्यात पोराची काय चूक. डावाही तेवढाच केला, आणि कापलेली कड दुसऱ्या पायाच्या घोट्याला खरचटत होती ती पॉलिश पेपर ओला करून घासली.

टोकाचं पातळ रबर गेलं, उरलं ते जाड, त्यामुळं जरा ताठ लागतात. तरी सकाळी २५ मीटर किकला ३८ सेकंद लागलेले, आता ३०. अर्थात हे सरावापुरतंच, स्पर्धेत फिन्स चालत नाहीत.

मामांनी पैसे घेतले नाहीत. कापलेले तुकडे मात्र ठेवून घेतले, टाचेला चांगले म्हणाले.