लिंडनच्या फुलांचा काढा

‘लाइम ट्री’ म्हटलं की मला लिंबूच आठवायचं. पण हे तर लिंडन या युरोपातल्या झाडाचंच दुसरं इंग्रजी नाव. त्याचं लिंबाशी काही नातं नाही, कुळ भेंडीचं! जून-जुलैत फुलतं. फुलांच्या देठाला जिभेसारखं लांबट, फिकट पान चिकटलेलं असतं, त्यासकट खुडून सावलीत वाळवायचं. सर्दी झाली की दीड ग्रॅम फुलांवर १५० मिलिलिटर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं. घाम येऊन ताप उतरतो म्हणतात; मला घाम-बिम काही आला नाही, घसा मात्र मऊ पडला. किंचित बुळबुळीतपणा आहेच त्यात, भेंडीचा गुण! युरोपीय औषध संस्थेनं सर्दी आणि मानसिक ताणासाठी याला मान्यता दिलीय, तीही पारंपरिक वापराच्या आधारावरच. पहिल्यांदा मी अतिशहाणपणानं फुलं दहा मिनिटं खळखळ उकळली. मधासारखा वास घरभर सुटला आणि कपात उरलं गवताचं पाणी.