तुम्ही विचारलंत म्हणून: मैलभरात दमणारी घोडी थोर कशी?

‘आजवरची सगळ्यात थोर घोडी कोणती?’ मला रेसचा नाद आहे हे कळलं, की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूससुद्धा हे विचारतो. मी ‘मुमताज महल’ म्हणतो. समोरच्याला आधी वाटतं मी थट्टा करतोय. मग कुणीतरी मोबाइलवर शोधून काढतं आणि पुढचा प्रश्न येतो: ‘अहो, ही तर दहाच शर्यती धावली, त्यातल्या तीन हरली, मैलाच्या शर्यतीत दमली. मग थोर कसली?’ हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. पंगतीत त्याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे देतो.

मुमताज महल 1921 साली इंग्लंडात यॉर्कशरमधल्या स्लेडमिअर स्टडमध्ये, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर, जन्मली. बाप द टेट्रार्क. करड्या अंगावर कुणी चुन्याचे शिंतोडे उडवल्यासारखे पांढरे डाग असलेला हा घोडा 1913 मध्ये दोन वर्षांचा असताना सात शर्यती धावला, सातही जिंकला, आणि पायाच्या दुखापतीमुळे पुन्हा कधी धावलाच नाही. स्टडमध्येही त्याला फारसा रस नव्हता, त्यामुळे त्याची पोरं मोजकीच. आई लेडी जोसेफीन, तीही वेगाची. शिंगरू बापाच्या रंगावर गेलं. 1922 साली डॉनकास्टरच्या लिलावात जॉर्ज लॅम्ब्टन यांनी ते 9,100 गिनींना उचललं. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, आणि त्या काळी वर्षभराच्या शिंगरासाठी ही रक्कम भुवया उंचावणारीच होती. लॅम्ब्टन खरेदी करत होते ते इंग्लिश रेसिंगमध्ये नुकतंच पाऊल टाकलेल्या एका मालकासाठी. ते तिसरे आगाखान.

पुणेकरांना हे नाव नगर रस्त्यावरच्या पॅलेसमुळे ठाऊक. 1892 साली बांधलेला तो वाडा यांचाच. घोडे त्यांच्या घरात आजोबांपासूनचे, मुंबईतले. म्हणजे इंग्लंडात ते नवखे होते, घोड्यांत नव्हते.

व्हॉटकूमचे ट्रेनर डिक डॉसन यांच्याकडे तयार झालेली ही घोडी 1923 साली धावू लागली आणि सुटली ती सुटलीच. न्यूमार्केट, अ‍ॅस्कॉटची क्वीन मेरी, सँडाउन, गुडवुड, डॉनकास्टरची शँपेन स्टेक्स. तिची तऱ्हा एकच: गेटमधून पुढे, आणि मग मागच्यांनी शेपूट बघत यायचं. (गेट म्हणायची आपली सवय, तेव्हा आडव्या ताणलेल्या फिती वर उडवून शर्यत सुटायची.) लोकांनी तिला ‘फ्लाइंग फिली’ नाव दिलं. त्या वर्षी ती हरली ती एकदाच, केम्प्टनला, पावसाने जड झालेल्या ट्रॅकवर. आर्केडने तिला गाठलं.

पुढच्या वर्षी, तीन वर्षांची झाल्यावर, खरी परीक्षा आली. न्यूमार्केटची वन थाउजंड गिनीज, सरळसोट एक मैल. मुमताज महल नेहमीसारखी पुढे निघाली आणि शेवटच्या टप्प्यात प्लॅकने तिला मागे टाकलं. अ‍ॅस्कॉटच्या मैलालाही हाती काही लागलं नाही. मग शहाणपणा करून तिला पुन्हा छोट्या पल्ल्यावर आणलं. गुडवुडला सहा फर्लांग, यॉर्कला नन्थॉर्प स्टेक्स पाच फर्लांग. दोन्ही जिंकल्या आणि घरी गेली. पाच फर्लांग म्हणजे हजार मीटर, मिनिटभराचा खेळ.

इथपर्यंत विचारणाऱ्याचं बरोबर आहे. डर्बी दीड मैलाची असते. खानदानी ब्रीडर डर्बीचं स्वप्न बघत असतो आणि त्याच्या लेखी स्प्रिंटर घोडी म्हणजे शोभेची वस्तू: बघायला छान, पण हिच्या पोटी डर्बीचा घोडा यायचा नाही. थोर म्हणावं असं काही झालं ते शर्यतीत नाहीच. ते फ्रान्समधल्या मार्ली-ला-व्हील या आगाखानांच्या स्टडमध्ये झालं.

आधी थोडा हिशोब. घोडी अकरा महिने गाभण असते, म्हणजे वर्षाला फार तर एक शिंगरू. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा-घोडी प्रत्यक्ष जुळलीच पाहिजेत, नाहीतर स्टडबुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, नोंद नाही. तरीही चलतीतला स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, आज एका हंगामात शंभरावर माद्यांना लागतो. घोडीच्या मात्र अख्ख्या आयुष्यात दहा-बारा पोरं झाली तरी खूप. त्यामुळे रेसबुकात ठळक दिसतो तो बाप. एका घोडीचं रक्त जगभर पसरायचं तर तिच्या लेकींना असे मुलगे व्हायला हवेत जे स्वतः मोठे स्टॅलियन होतील. एवढी दानं एका घरात पडणं दुर्मीळ. मुमताज महलच्या घरात ती पुन्हा पुन्हा पडली.

आगाखानांनी तिला मुद्दाम दमाच्या, लांब पल्ल्याच्या घोड्यांकडे पाठवलं. त्यांच्या पदरी कर्नल व्हुलिए नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते. त्यांनी वंशावळींतल्या पूर्वजांना गुण देऊन जोड्या जुळवण्याचं एक गणितच मांडलं होतं. त्या गणितावर माझा फारसा विश्वास नाही. पण वेगवान घोडीला दमाचा नवरा, ही बेरीज समजायला कर्नलची गरज नव्हती. ट्रिपल क्राउनवाल्या (एकाच वर्षी तीन मोठ्या शर्यती जिंकलेल्या) गेन्सबरोपासून झाली माह महल. 1930 ची डर्बी जिंकलेल्या ब्लेनिमपासून झाली मुमताज बेगम. रुस्तम पाशापासून झाली रुस्तम महल. तिघींपैकी एकीनेही ट्रॅकवर आईचं नाव काढलं नाही. रुस्तम महल तर शर्यतीत उतरलीच नाही.

माह महलला त्याच ब्लेनिमकडे पाठवलं आणि झाला माहमूद. चणीने छोटा, आजीसारखा करडा. 1936 च्या डर्बीत खुद्द आगाखानांच्या गोटात भरवसा ताज अकबरवर होता, त्यावर गॉर्डन रिचर्ड्स बसले होते. कोरड्या, टणक एप्सममध्ये माहमूद त्याला मागे टाकून गेला. वेळ 2 मिनिटं 33.8 सेकंद. हा विक्रम मोडायला 1995 साल आणि लॅमटारा उजाडावा लागला. दीड मैल. ज्या घोडीला एक मैल झेपला नाही, तिचा नातू.

मुमताज बेगमला पाठवलं इटलीच्या टेसिओंनी घडवलेल्या निअर्कोकडे. निअर्को तेव्हा न्यूमार्केटला होता, आणि महायुद्धात त्याच्यासाठी तिथे स्वतंत्र बॉम्बशेल्टर बांधलं होतं. घोड्याची किंमतच तशी होती. या जोडीचा मुलगा नसरुल्ला, जन्म 1940. गुणी पण विक्षिप्त. ट्रॅककडे जायलाच तयार नसायचा, आणि पुढे गेला की ‘झालं माझं काम’ म्हणून रेंगाळायचा. 1943 ची डर्बी युद्धामुळे न्यूमार्केटला झाली, त्यात तिसरा आला. त्याच वर्षी चॅम्पियन स्टेक्स मात्र जिंकला. आता तारखा जुळवून बघा. त्या अख्ख्या वर्षात या घोड्याच्या मालकाच्या पुण्यातल्या वाड्यात गांधीजी आणि कस्तुरबा सरकारच्या कैदेत होते. त्या फेब्रुवारीत गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास तिथेच झाला. पुढच्या फेब्रुवारीत कस्तुरबा तिथेच गेल्या. आगाखान पॅलेसमध्ये समाधीपाशी उभं राहून नसरुल्ला आठवणारा मी एकटाच असेन, पण काय करता, आठवतो.

नसरुल्ला पुढे केंटकीला क्लेबॉर्न फार्मवर गेला. इंग्लंडात एकदा आणि अमेरिकेत पाचदा तो पहिल्या नंबरचा सायर, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचा बाप, ठरला. त्याचा मुलगा बोल्ड रूलर, बोल्ड रूलरचा मुलगा सेक्रेटेरियट. ज्यांना एकाच घोड्याचं नाव माहीत असतं त्यांना बहुधा हेच माहीत असतं. सेक्रेटेरियटपासून मुमताज महल चार पिढ्या वर आहे. मुमताज बेगमच्याच एका लेकीचा, सन प्रिन्सेसचा, मुलगा रॉयल चार्जर. माहमूदही 1940 मध्ये अमेरिकेला विकला गेला. त्याची लेक अल्माहमूद, तिची लेक नाताल्मा, आणि नाताल्माचा मुलगा नॉर्दर्न डान्सर, विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या सायरांपैकी एक. अल्माहमूदच्या दुसऱ्या लेकीचा मुलगा हेलो. त्याच्या बापाकडून रॉयल चार्जर आणि आईकडून माहमूद, म्हणजे दोन्ही अंगांनी आजीबाई हजर. हेलोचा मुलगा संडे सायलेन्स जपानला गेला आणि तिथलं ब्रीडिंग त्याने पालटून टाकलं.

एवढं ऐकवलं की जाणकार माणूस मला अडवतो, आणि अडवावंच. थरोब्रेडचं स्टडबुक बंद दाराचं आहे. बाहेरचं रक्त आत येत नाही. दहाव्या पिढीत 1,024 जागा असतात. शंभर वर्षांपूर्वीची कोणतीही बरी घोडी आज निम्म्या जगाच्या वंशावळीत सापडेल. त्यात कर्तृत्व काय? शिवाय 2012 साली आयरिश शास्त्रज्ञांनी दाखवलंय, की छोट्या पल्ल्याच्या वेगाशी जोडलेला मायोस्टॅटिन जनुकाचा प्रकार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश घोडीकडून या जातीत आला असावा. म्हणजे वेग काही मुमताज महलने शोधला नव्हता.

हे सगळं मान्य. म्हणून मी तिचा पुरावा सेक्रेटेरियटमध्ये शोधत नाही, तिच्या नातवंडांत शोधतो. तीन लेकी, तिघींचीही ट्रॅकवरची कामगिरी जेमतेम किंवा शून्य. नवरे वेगवेगळे. एकीला डर्बीचा विक्रमवीर होतो. दुसरीला नसरुल्ला. आणि तिसरी, न धावलेली रुस्तम महल? तिला ओवेन ट्यूडर नावाच्या डर्बीविजेत्या घोड्यापासून झाला अ‍ॅबरनँट, 17 शर्यतींत 14 विजय. बाप दीड मैलाचा, पोरगं पाच-सहा फर्लांगांचं. करडाच. आजीने जिंकलेली शँपेन स्टेक्स त्याने जिंकली, आजीने जिंकलेली नन्थॉर्प दोनदा जिंकली. आणि 1949 साली टू थाउजंड गिनीजमध्ये, न्यूमार्केटच्या त्याच सरळ मैलावर, तोही पुढे राहून शेवटी निंबसकडून नाकाइतक्या अंतराने हरला. पंचवीस वर्षांनी तीच शर्यत पुन्हा लावल्यासारखी. एका नातवात तिचा वेग दम घेऊन आला, दुसऱ्यात जसाच्या तसा उतरला. हे हजार चोवीस जागांच्या गणिताने होत नाही.

थोडं श्रेय आगाखानांनाही द्यावं लागेल. ब्लेनिम, बहराम, माहमूद हे डर्बीविजेते त्यांनी एकामागून एक अमेरिकेला विकले. इंग्लिश मंडळींनी त्यावरून बोल लावला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मोठा माणूस, पण व्यवहारी. घोड्या मात्र बहुतेक घरात राहिल्या. सगळ्यांनी लगेच परतफेड केली असंही नाही. माह महलची पणती पेतीत एत्वाल 1959 मध्ये वन थाउजंड गिनीज आणि ओक्स जिंकली आणि स्टडमध्ये मात्र निराशा केली. एकच लेक ठेवून गेली, झाहरा. दुसऱ्या कुणी तो फाटा सोडून दिला असता. आगाखानांच्या नातवाने सोडला नाही. 2008 साली पॅरिसला आर्क द त्रिओंफ ही शर्यत जिंकून सातपैकी सात शर्यतींच्या जमेवर निवृत्त झालेली झर्कावा याच फाट्यावरची, आईच्या आईच्या आईकडून थेट. 1981 ची डर्बी जिंकलेल्या शेरगरचंही आईकडचं मूळ मुमताज महलच.

‘आपल्याकडे आहे का तिचं काही?’ हा तिसरा प्रश्नही असतोच. आहे की. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन 1990 च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरला आणि पार मागे राहिला. नंतर तो भारतात उषा स्टडला आला आणि वर्षानुवर्षं इथला अव्वल सायर राहिला. महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेसबुक चाळताना एखाद्या घोड्याच्या वंशात रझीन दिसला, तर बोटाने वर जा: नॉर्दर्न डान्सर, नाताल्मा, अल्माहमूद, माहमूद, माह महल, मुमताज महल. पण म्हणून त्या घोड्यावर पैसे लावू नका. मी लावतो, ती गोष्ट वेगळी.