नको म्हटलं खरं, पण का?

परवा वहिनीने कुंपणापलीकडून हाक मारली, म्हणाली आम्ही नवीन मायक्रोवेव्ह घेतला, केक-बिक होणारा, जुना चांगला चालू आहे तो तू व्हर गो, हांगां पडून आसा, म्हणजे घेऊन जा, इथे पडून आहे. तिचं बोलणं पुरतं संपलं पण नव्हतं तर मी म्हटलं, नको. नुसतं नको. बघते नाही, ह्यांना विचारते नाही, काही नाही. ती जरा गप्प झाली, मग कपडे वाळत घालायला गेली, पावसाने तेवढी उघडीप दिली होती. मी आत आले आणि तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय, की आपण नको का म्हटलं.

कारण गरज तर आहे. गरज आहे हे मीच घरात उठता-बसता ऐकवत असते.

आमचा गेला तो जूनच्या पहिल्या गडगडाटात. लाईट गेली, आली, परत गेली, इथे गोव्यात, फोंड्यात पाऊस सुरू झाला की हा खेळ ठरलेलाच, आणि त्यानंतर आतला दिवा लागायचा, काचेची ताटली गोल फिरायची, आवाज पण यायचा, पण वाटीतलं वरण थंडच्या थंड. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच. बरं झालं त्याआधी रिपेअरवाल्याला फोन लागला, तो फोनवरच ओरडला, अजिबात उघडू नका, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून असतो, माणूस मरतो त्याने. मग तो स्वतः आला, मॅग्नेट्रॉन गेलाय म्हणाला, म्हणजे लहरी तयार करतो तो भाग, आणि खर्च सांगितला तेव्हा ह्यांनी स्क्रूड्रायव्हर गपचूप ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. सध्या मायक्रोवेव्हवर कांदे-बटाट्याची टोपली आहे आणि आत पापडांचे डबे. दार घट्ट लागतं म्हणून.

तर सकाळपासून सुरू होतं. खवलेला नारळ फ्रीझरमध्ये असतो, आधी काढायचा, अर्धा मिनिट फिरवायचा, मिक्सरला लावायचा, झालं. आता तो रात्रीच आठवणीने खाली काढून ठेवावा लागतो आणि रात्री आठवण होते कुणाला. थंडगार तसाच वाटला तर त्याचं तेल थिजून गोळे होतात, वाटण रवाळ राहतं, म्हणून कोमट पाणी घालायचं, आणि ते पाणी कोमट करायला परत एक टोप. तो टोप मग सिंकमध्ये. दिवसाच्या शेवटी सिंकमध्ये एवढे छोटे छोटे टोप असतात की वाटतं भातुकली मांडलीय कुणीतरी. आणि चहा. माझा चहा कधीच गरम असताना पिऊन होत नाही, आधी तो कप तसाच आत सरकवायचे, आता त्या दोन घोटांसाठी आणखी एक भांडं कोण खराब करणार म्हणून गारच पिते. गार चहा पिताना स्वतःची फार दया येते. घरात कुणी बघत असेल तर जरा जास्तच येते.

भाताचं मात्र मी नीट जमवलंय, ते लिहूनच ठेवते. उकड्या तांदळाचा शिळा भात फ्रीजमधून काढला की त्याची ढेपच असते, ती चमच्याने फोडायची नाही, दाणे तुटतात, हात ओला करून बोटांनी मोकळी करायची. मग जाड कढईत टाकायचा, वरून पाण्याचा हबका मारायचा, घट्ट झाकण, गॅस एकदम बारीक. झाकणाला घाम आला की उलथनं तळाशी घालून एकदाच वर-खाली करायचं आणि परत झाकायचं. लागते जरा खरपुडी खाली, पण ती ह्यांना आवडते. मायक्रोवेव्हमध्ये तोच भात कडेला चटका बसेल इतका गरम आणि मधे बर्फ असा निघायचा, आणि आम्ही तसाच खायचो, इतकी वर्षं, कुणी काही बोललो नाही.

आणि कालची कढी! हिच्याबद्दल तर बोलायलाच नको. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कढी रात्री उरली, सकाळी मंद आचेवर ठेवली, न ढवळता नुसतं भांडं धरून हलवत राहिलं, की हळूहळू पाणी आटतं, कडेला तेल दिसायला लागतं, नारळाचा रंग गडद होत जातो, तळाला थोडी धरते आणि तिथला वास वेगळाच. पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या पोयांबरोबर ती खायची. आमची लेक मनू म्हणते त्यात सायन्स आहे, मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवतो, आणि पाणी आहे तोवर अन्न १०० डिग्रीच्या वर फारसं जात नाही, खरपूस व्हायला १४० च्या आसपास लागतात, म्हणून त्याच्यात कढी नुसती गरम व्हायची आणि भिंतींवर उडायची. डिचोलीच्या कुंभाराकडचं आईंचं, म्हणजे सासूबाईंचं कुंडलं, मातीचं भांडं, माळ्यावर होतं, ते मी खाली काढलंय. बारीक चीर आहे त्याला पण अजून गळत नाही. आईंच्या बाकीच्या वस्तू अजून तशाच आहेत वर. असो.

म्हणजे बघा, चाललंय की. मग गाऱ्हाणं कसलं. आणि गाऱ्हाणं असेल तर नको का म्हटलं.

आधी मला वाटलं वहिनीचा तो सूर. तुझे हाल होतात गो, असं काहीतरी ती म्हणाली होती आदल्या आठवड्यात, आमच्याकडे खारा बांगडा गॅसवर भाजताना सगळ्या वाड्याला कळलं तेव्हा. आता १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, बाजारात येतं ते बर्फातलं किंवा बाहेरचं आणि भाव विचारू नये असे, तर पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सुकं खाल्लं नाही तर खायचं काय. आधी मी बांगडा कागदात गुंडाळून आत ठेवायचे, वास तरी दाराआड राहायचा. (चवीला काय व्हायचा ते सोडा. चामडं.) आता जाळी ठेवून सरळ जाळावर, कातडी फुगून तडतडते, काळे फोड येतात, घरभर धूर, आणि किसमूरीला, म्हणजे सुक्याच्या कोशिंबिरीला, सुंगटं भाजायची तर तोच प्रकार. पण चव. तर ती तसं म्हणाली आणि मला लागलं. पण लागलं म्हणून फुकटची वस्तू नाकारण्याएवढी मी मानी नाही, त्यांच्याकडचा फणस मी दरवर्षी घेते, मागून घेते.

मग वाटलं उपकार नको. तेही पटेना. फणस आहेच.

मनूला सांगितलं तर ती हसायलाच लागली आणि मोबाईलवर काढून मला मायक्रोवेव्हचा इतिहास वाचून दाखवायला लागली, जसा काही मी इतिहास कळला नाही म्हणून नको म्हटलं होतं. १९४५ मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर म्हणून एक जण रडारच्या कंपनीत काम करत होता, मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं म्हणे, तिथून हे सगळं, आणि १९४७ चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि ३४० किलोचा होता. मी म्हटलं तसला असता तर बरं, रिपेअरवाल्याने आत जाऊन दुरुस्त केला असता. ती म्हणाली आई, तू विषय बदलतेस. मीच बदलते. पुण्याचं काय झालं ते मी विचारत नाही, ती सांगत नाही, आणि विषय म्हणे मी बदलते.

पण काल रात्री भांडी विसळताना एकदम लक्षात आलं, आणि ते जरा बरं नाही वाटलं.

मायक्रोवेव्ह होता तेव्हा आमच्याकडे जेवायची वेळ अशी नव्हतीच. हे बातम्या झाल्या की, मनू बसने येईल तेव्हा, मी कधीतरी उभ्याउभ्या. ओट्यावर झाकून ठेवायचं, ज्याचा तो गरम करून घ्यायचा, टींग, परत टींग. आता काय झालंय, साडेआठला मी सगळं एकदा गरम करते आणि हाक मारते. आणि सगळे येतात! बातम्या अर्धवट टाकून येतात. कारण नंतर आलात तर गार, किंवा मग माझ्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. मी एवढंच म्हणते, आता गॅस बंद केलाय. बस्स. आणि हे वाक्य म्हणताना मला फार बरं वाटतं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही पण वाटतं खरं.

हे वाक्य आईंचं.

म्हणजे शब्दाला शब्द नाही, पण तेच. रात्री ठरलेल्या वेळेला त्या भांडी झाकायच्या, ओटा पुसायच्या आणि मग कामावरून कुणीही येऊ दे. लग्नानंतर पहिल्या वर्षी शेवटची बस चुकली की माझ्या पोटात गोळा यायचा, भुकेचा नाही, त्या पुसलेल्या ओट्याचा. रात्री शेव-चिवडा खाऊन झोपलेय मी. मायक्रोवेव्ह घेतला तो त्यासाठीच, चवथीच्या ऑफरमध्ये, माझ्या पैशाने, हप्त्यावर, की कुणाच्या परवानगीशिवाय गरम जेवता यावं. आईंनी त्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. म्हाका नाका त्या डब्यांतलें, असं म्हणायच्या, आणि मान पण फिरवायच्या. मी ह्यांच्याकडे कितीदा चिडले असेन त्यावरून.

तर परवा कुंपणापाशी जे नको निघालं ते आईंचं होतं काय? मान पण फिरवली का मी? वहिनी गप्प झाली ती का, आता कळतंय. म्हणजे मी काय मायक्रोवेव्ह नाकारला नाही, साडेआठ वाजले तेवढे राखले. बाहेर ऑफिसात मला कुणी विचारत नाही, नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून तर नाहीच, आणि घरात एक कढई हातात आली तर मी लगेच मामलेदार. हसू पण येतं आणि नको पण वाटतं. ह्यांना विचारलं, मी आईंसारखी होत चाललेय का हो? हे म्हणाले, छे, आई कढीला मीठ बरोबर घालायची. पुढे काय बोलणार.

वहिनीच्या मिस्टरांकडून ह्यांना कळलंच शेवटी. फुकट देत होते? आणि तू नको म्हणालीस? एवढाच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात विचारत फिरतायत घरभर. मी सांगितलं जुनी वस्तू आहे, कधीपण बंद पडेल, पावसात व्होल्टेज असं, सिलिंडर तर आपल्याकडे दोन आहेत. ते म्हणाले हो. त्यांना पटलं नाही, पण साडेआठ वाजत आले होते.

आज सकाळी मात्र वेगळंच. काल मनूला खूप उशीर झाला, मी जागी राहणार होते, पाठ टेकली आणि डोळा लागला. सकाळी उठून बघते तर कढई सिंकमध्ये भिजत घातलेली. पोरीने रात्री स्वतः गॅस पेटवला, भात मोकळा करून गरम केला, भेंडी-सुंगटांची कढी कुंडल्यात आटवली, वरून एक अंडं फोडून सोडलं, आणि जेवून झोपली. मला उठवलं नाही. विचारलं तर म्हणाली त्यात काय आई, एवढं काय कठीण आहे, आणि कढी मस्त लागते गं अंडं घातल्यावर, तू करून बघ.

म्हणजे झालं. मायक्रोवेव्ह नाकारून पण काही उपयोग नाही, आमचं संस्थान खालसाच. ह्यांना तर ऐकूनच भूक लागली, म्हणाले आज बातम्या संपूनच जेवतो, मनू शिकवेल मला. अंडं घालायचं ते पण शिकायचंय त्यांना.

कढई मीच घासली. भाताची खरपुडी नुसती धरून बसली होती तळाला, तिने बहुतेक गॅस मोठा ठेवला असणार, पाणी पण कमी. तारेची घासणी झिजलीय, उद्या बाजारातून नवी आणायची, आणि अंडी पण संपलीत.